पडद्यावरची साथ आणि घरातले पाणी



इसवी सन १८९६ हे वर्ष मुंबईच्या इतिहासात दोन आगमनांसाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या वर्षी ७ जुलै रोजी वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला आणि चित्रपट नावाचे नवल भारतात प्रथम अवतरले. त्यानंतर अवघ्या अडीच महिन्यांनी, २३ सप्टेंबर रोजी, मांडवी भागातील एका रुग्णाला तपासून डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी निदान केले की, हा प्लेग आहे. एकाच शहरात, एकाच पावसाळ्यात चित्रपट आणि महामारी यांनी पाऊल ठेवले. पुढे मुंबईकरांनी डॉ. व्हिएगस यांचा पुतळा उभारला. तो धोबीतलाव भागात, मेट्रो चित्रपटगृहासमोर आहे. साथ ओळखणारा वैद्य आणि पडद्यावरच्या कथा दाखवणारी वास्तू असे समोरासमोर उभे आहेत.

याच १८९६ साली युरोपात आणखी दोन गोष्टी घडल्या. फ्रान्समध्ये फर्नांद विडाल यांनी विषमज्वर ओळखण्यासाठी रक्ताची चाचणी सांगितली आणि इंग्लंडमध्ये ऑलम्रॉथ राइट यांनी विषमज्वरावरील लशीचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. विषमज्वर म्हणजे टायफॉइड. जुन्या पिढीच्या बोलण्यातला ‘मुदतीचा ताप’. ‘विडाल करून या’ हे वाक्य भिलाईतील कोणत्या घरात ऐकू आले नसेल? प्लेगची कथा पडद्यावर पुनःपुन्हा आली. परंतु घराघरांत येऊन गेलेला विषमज्वर पडद्यावर क्वचितच दिसतो. असे का व्हावे? रोगाच्या साथी चित्रपटाने कशा दाखवल्या आणि काय दाखवायचे राहिले, याचा विचार या प्रश्नाच्या अनुषंगाने करावयाचा आहे. हा विषय केवळ चित्रपटरसिकांचा नाही. साथ आली म्हणजे माणसे कशी वागतील, हे त्यांनी आधी पाहिलेल्या आणि ऐकलेल्या कथांवरही अवलंबून असते.

रोगाला चेहरा नसतो. जंतू डोळ्यांना दिसत नाही, त्याचा आवाज ऐकू येत नाही, त्याच्या मनात कोणाविषयी द्वेष नसतो. मनुष्याला मात्र चेहऱ्यावाचून भीती पेलवत नाही. म्हणून आपल्या पूर्वजांनी रोगाला चेहरा दिला. मराठीत ‘देवी’ हा शब्दच एका रोगाचे नाव होऊन बसला. पटकी आली की मरीआईचा कोप झाला, असे मानले जाई. मग मरीआईचा गाडा सजवून वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेत. छत्तीसगढच्या गावोगावी शीतला मातेचे ठाणे आहे, त्यामागेही हीच भावना आहे. या श्रद्धांनी भयभीत माणसाला धीर दिला, हे मान्य केले पाहिजे. तथापि मरीआईचा गाडा एका गावाच्या शिवेवरून पुढे ढकलला की तो दुसऱ्या गावाच्या शिवेवर जाऊन थांबे. आणि ज्या आडातून पटकी आली, तो आड होता तसाच राही.

चित्रपट ही चेहऱ्यांची कला आहे. नायक, नायिका, खलनायक यांच्यावाचून तिचे पान हलत नाही. साहजिकच रोगाची साथ पडद्यावर आली की तिथेही चेहऱ्याचा शोध सुरू होतो. कधी जुलमी अधिकाऱ्याचा चेहरा मिळतो, कधी प्राण वेचणाऱ्या डॉक्टरचा, तर कधी रोग ‘घेऊन येणाऱ्या’ परक्या माणसाचा. रोगाचे खरे कारण, म्हणजे उंदीर, पिसू, डास, फुटलेली नळवाहिनी, उघडे गटार, हे बहुधा चौकटीबाहेर राहते.

भारतीय चित्रपटसृष्टीच्या जनकाचे आयुष्यही साथीने होरपळले होते. दादासाहेब फाळके गुजरातेतील गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करीत असताना प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. ते गाव त्यांनी सोडले. पुढे १९१३ साली त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणला. राज्य गमावलेला, पत्नीपुत्रांची ताटातूट सोसणारा, स्मशानात चाकरी करणारा राजा हा त्यांच्या पहिल्या चित्रपटाचा नायक होता. त्या निवडीमागे त्यांचे वैयक्तिक दुःख होते, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु ज्या समाजाने नुकत्याच साथी सोसल्या होत्या, त्याला मृत्यूची आणि स्मशानाची कथा पुराणाच्या रूपात अधिक जवळची वाटली, एवढे निश्चित म्हणता येईल. प्लेगकडे थेट पाहणारा महत्त्वाचा मराठी चित्रपट यायला त्यानंतर सहा दशकांहून अधिक काळ जावा लागला.

तो चित्रपट म्हणजे नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा १९७९ चा ‘२२ जून १८९७’. संवाद विजय तेंडुलकरांचे आणि लोकमान्य टिळकांच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर. त्याच्या कलादिग्दर्शनाला राष्ट्रीय पुरस्कार लाभला. पुण्यात प्लेग पसरला तेव्हा सरकारने वॉल्टर रँड या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्याआधी, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथरोग कायदा अमलात आला होता. गोरे सोजीर घरात शिरू लागले, देवघरापर्यंत आणि माजघरापर्यंत जाऊ लागले, सामान रस्त्यावर आणून जाळले जाऊ लागले, संशयितांना विलगीकरणाच्या छावणीत नेले जाऊ लागले. या अपमानाने पेटलेल्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँडवर गोळी झाडली. त्याच रात्री लेफ्टनंट आयर्स्ट ठार झाला; रँड ३ जुलै रोजी मरण पावला. पुढे दामोदर, वासुदेव आणि बाळकृष्ण हे तिघेही बंधू फासावर गेले.

त्या रात्री गणेशखिंडीला समारंभ कशाचा होता? राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला साठ वर्षे झाल्याचा, म्हणजे हीरक महोत्सवाचा. हीरक महोत्सवाच्या ग्रंथासाठी या योगायोगाची नोंद घेणे अप्रस्तुत ठरणार नाही. एका बाजूला रोषणाई आणि आतषबाजी. दुसऱ्या बाजूला शेकडो घरांतून नुकतीच निघालेली प्रेते. कोणत्याही संस्थेच्या साठीचा आनंद साजरा करताना भोवतालच्या माणसांची स्थिती काय आहे, हे विसरू नये, असा धडा त्या रात्रीने घालून दिला आहे.

हा चित्रपट संयत आहे. क्रांतिकारकांच्या त्यागाचे भडक चित्रण तो करीत नाही. तथापि त्याचा विषय साथ नसून साथीच्या निमित्ताने झालेला जुलूम आणि त्याचा प्रतिकार हा आहे. ते योग्यच आहे. मात्र प्रेक्षकाने एक गोष्ट स्वतः जोडून पाहिली पाहिजे. प्लेगचा जंतू अलेक्झांडर येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये ओळखला होता. पण तो उंदरावरील पिसवेमार्फत माणसाकडे येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत दाखवून दिले. म्हणजे रँडची समिती पुण्यातील घरे धुंडाळत होती तेव्हा रोगाच्या वाटेचा पत्ता सरकारलाही नव्हता आणि प्रजेलाही नव्हता. औषधी द्रावणाने घरे धुतली जात होती आणि उंदीर शेजारच्या घरात जात होते. ज्ञान अपुरे आणि सत्ता निरंकुश, अशी ती स्थिती होती. लोकांना विश्वासात न घेता केलेले आरोग्याचे काम लोकांना आक्रमण वाटते, आणि मग रोगी घरात दडवले जातात. साथीला याहून मोठे साहाय्य कोणते असणार?

त्याच साथीत, त्याच पुण्यात दुसरी एक कथा घडत होती. सावित्रीबाई फुले यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना उभारला होता. सावित्रीबाई रुग्णांना तेथे पोहोचवीत. मुंढव्याच्या वस्तीतील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले आणि त्या संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. सोजिरांनी ओढून नेलेला रुग्ण आणि शिक्षिकेने पाठीवर आणलेला रुग्ण, दोघेही विलगीकरणातच गेले. एकाच उपायाची ही दोन रूपे होती. साथीवर चित्रपट काढू इच्छिणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याने ही दोन दृश्ये शेजारी ठेवून पाहावीत.

जुलमी अधिकाऱ्याच्या चेहऱ्याकडून आता त्यागी डॉक्टरच्या चेहऱ्याकडे वळू. १९३८ साली जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाच डॉक्टरांचे पथक पाठवले. त्यात नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. कोटणीस परतले नाहीत. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, चीनमध्येच त्यांचे निधन झाले. व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. कथेचा आधार ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकाचा होता. कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी आणि त्यांच्या चिनी पत्नीची भूमिका जयश्री यांनी केली.

वास्तवात डॉ. कोटणीस यांचा मृत्यू अपस्माराच्या झटक्यांनी झाला. अहोरात्र शस्त्रक्रिया, अपुरे अन्न, थंडी आणि अतिश्रम यांनी त्यांचे शरीर झिजले होते. चित्रपटात मात्र प्लेगच्या साथीशी त्यांनी दिलेली झुंज हा कथेचा मोठा भाग होतो आणि तो रोग त्यांनाही जडतो. हा बदल कशासाठी? कारण झिजणे पडद्यावर दिसत नाही. आठशेवी शस्त्रक्रिया पहिल्या शस्त्रक्रियेसारखीच दिसते. साथ मात्र दिसते; तिला आरंभ असतो, चढ असतो, विजय असतो आणि बलिदान असते. नाट्य म्हणून हा बदल प्रभावी आहे, यात शंका नाही. त्या चित्रपटाने एका सोलापूरकर तरुणाचे नाव देशाच्या घराघरांत नेले. पण त्यातून प्रेक्षकांच्या मनात एक समजूत दृढ झाली की, साथ एखादा असामान्य पुरुष येऊन थांबवतो. प्रत्यक्षात साथ थांबते ती अनेक सामान्य माणसांच्या रोजच्या, कंटाळवाण्या कामामुळे: टाक्या धुणारे, नोंदी ठेवणारे, घरोघर फिरणारे, पाण्याचा नमुना तपासणारे. त्यांच्या कामाला पार्श्वसंगीत नसते.

येथे विषमज्वराकडे येणे क्रमप्राप्त आहे. विषमज्वर हा चित्रपटकथेला अत्यंत गैरसोयीचा रोग आहे. त्याचा जंतू पोटात गेल्यावर बहुधा आठ ते चौदा दिवसांनी ताप सुरू होतो. तोवर रोगी कोणते पाणी प्यायला, कोठे काय खाल्ले, हे विसरलेला असतो. ताप हळूहळू पायरीपायरीने चढतो. प्रतिजैविके नव्हती त्या काळी तो तीन-चार आठवडे राही. ‘मुदतीचा ताप’ हे नाव त्यावरूनच पडले. १९४८ पासून क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध वापरात आले आणि ही मुदत आटोक्यात आली. जुन्या चित्रपटांत आई मुलाच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवते, डॉक्टर पेटी मिटून ‘आजची रात्र महत्त्वाची’ असे सांगतात आणि पहाटे ताप उतरतो. तो ताप कसला होता, हे कोणी विचारत नाही. पाणी कोठून आले होते, हे तर कधीच नाही. कारण विचारले तर उत्तर अप्रिय येईल. विषमज्वराचा जंतू रोग्याच्या किंवा वाहकाच्या मलावाटे बाहेर पडतो आणि पाणी, अन्न वा न धुतलेले हात यांच्यामार्फत दुसऱ्याच्या तोंडात जातो. हे दृश्य कोणता दिग्दर्शक रंगवील?

तरीही विषमज्वराला एक चेहरा मिळालाच, आणि तो एका गरीब स्वयंपाकिणीचा होता. मेरी मॅलन ही आयर्लंडहून अमेरिकेत आलेली स्त्री न्यूयॉर्क परिसरातील श्रीमंतांच्या घरी स्वयंपाक करी. १९०६ च्या उन्हाळ्यात ऑयस्टर बे येथील एका घरात अकरापैकी सहा जणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर या स्वच्छता अभियंत्याने शोध घेतला, तेव्हा मेरीने ज्या ज्या घरी काम केले होते, त्यांतील अनेक घरांत हा ताप येऊन गेल्याचे आढळले. शिजवलेल्या अन्नातील जंतू मरतात. संशय गेला तो तिच्या हातच्या पीचच्या आइस्क्रीमवर. मेरी स्वतः धडधाकट होती. आपल्या शरीरात जंतू आहे, हे तिला कधीच पटले नाही. १९०७ ते १९१० आणि पुन्हा १९१५ पासून १९३८ साली मृत्यू येईपर्यंत तिला एका बेटावर स्थानबद्ध ठेवण्यात आले. ‘टायफॉइड मेरी’ हे नाव तिला चिकटले ते आजतागायत. स्टीव्हन सोडरबर्ग यांच्या ‘द निक’ या २०१४ च्या मालिकेत मेरीचा शोध आणि तिची धरपकड हे उपकथानक आहे. त्यात प्रेक्षक शोध घेणाऱ्यांच्या बाजूने श्वास रोखून पाहतो. परंतु मालिका संपल्यावर मनात प्रश्न उरावयास हवा. सुटका झाल्यावर तिने बंदी मोडून पुन्हा स्वयंपाकाचे काम धरले, एका प्रसूतिगृहात तिच्यामुळे पंचवीस जणांना रोग झाला, हा तिचा दोष खरा; पण स्वयंपाकावाचून पोट भरण्याचे दुसरे साधन तिला कोणी दिले? पुढे तिच्यासारखे अनेक निरोगी वाहक आढळले. त्यांना अशी जन्मठेप झाली नाही. एका स्त्रीच्या नावाने रोगाला हाक मारली की, शहराच्या पाणीपुरवठ्याविषयी बोलावे लागत नाही.

पाण्याविषयी बोलण्याचे धाडस ज्या कलाकृतीने केले, तिचा जन्म चित्रपटाच्याही आधी झाला. नॉर्वेचे नाटककार हेन्रिक इब्सेन यांनी १८८२ साली एका डॉक्टरची कथा लिहिली. त्याच्या गावातील आरोग्यस्नानगृहे प्रसिद्ध आहेत. गावाची कमाई त्यांवर चालते. बाहेरून आलेल्या पाहुण्यांत विषमज्वर आणि पोटाचे विकार आढळल्याने डॉक्टर पाणी तपासून घेतो आणि ते दूषित निघते. आपण गावाला वाचवले, अशा आनंदात तो बातमी सांगतो. पण नगराध्यक्ष असलेला त्याचा सख्खा भाऊ, वृत्तपत्र आणि अखेर सारे गाव त्याच्यावर उलटते. पाणी नासवणारे कोणी नाही. ‘पाणी नासले आहे’ असे सांगणारा मात्र जनशत्रू ठरतो.

सत्यजित राय यांनी ही कथा ‘गणशत्रू’ या १९८९ च्या बंगाली चित्रपटात भारतीय मातीत रुजवली. स्नानगृहांच्या जागी मंदिर आले आणि पाण्याच्या जागी तीर्थ. जमिनीखालील नळवाहिन्यांच्या दोषाने मंदिराच्या परिसरातले पाणी दूषित झाले आहे आणि तेच तीर्थ म्हणून वाटले जात आहे, हे डॉ. अशोक गुप्त यांच्या लक्षात येते. सौमित्र चटर्जी यांनी ही भूमिका केली. या चित्रपटात दंगल नाही, पळापळ नाही, रुग्णांच्या रांगा नाहीत. बहुतेक प्रसंग घरात आणि दालनांत घडतात, कारण राय त्या काळी हृदयविकारातून सावरत होते. माणसे केवळ बोलतात. एक म्हणतो, गंगाजल आणि तुळस असताना तीर्थ दूषित होईलच कसे? दुसरा म्हणतो, यात्रेकरू येणे थांबले तर गावाने खायचे काय? रोगाचा प्रसार कसा होतो, हे कोणत्याही थरारपटाहून या संवादांतून अधिक नेमके कळते. जंतू पाण्यात वाढतो. साथ मात्र ‘आता कशाला बोलायचे’ या वाक्यात वाढते. इब्सेनचा डॉक्टर शेवटी एकाकी उरतो; राय यांच्या डॉक्टरच्या खिडकीखाली तरुणांच्या घोषणा ऐकू येतात. आयुष्याच्या उतरणीला राय यांनी आपली आशा तरुणांवर ठेवली, ही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी गोष्ट आहे.

अलीकडच्या काळात चित्रपटाची दृष्टी हळूहळू बदलते आहे. केरळात २०१८ साली आलेल्या निपाहच्या साथीवर आशिक अबू यांनी पुढच्याच वर्षी ‘वायरस’ हा मल्याळम चित्रपट काढला. त्यात एकच एक नायक नाही. परिचारिका, डॉक्टर, अधिकारी, नोंदी जुळवणारे कार्यकर्ते यांची साखळी हाच नायक आहे. ‘कोण कोणाला, कोठे, केव्हा भेटले’ या नोंदींतून रहस्य उलगडते. सोडरबर्ग यांचा २०११ चा ‘कंटेजन’ पहिल्या दिवशी काय घडले, ते शेवटच्या दृश्यात दाखवतो आणि खलनायकाऐवजी माणूस, प्राणी व जंगल यांच्यातील बिघडलेल्या नात्याकडे बोट दाखवतो. मराठीत समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ हा चित्रपट २०१४ साली आला; नाना पाटेकर आणि सोनाली कुलकर्णी यांनी त्यात आमटे दांपत्य साकारले. गडचिरोलीतील हेमलकसा येथे १९७३ पासून चालणारे लोकबिरादरीचे काम छत्तीसगढला परके नाही. बस्तरमधून वाहत जाणारी इंद्रावती भामरागडला पोहोचते आणि इकडचे रुग्णही जंगल तुडवून त्या दवाखान्यात जातात. मलेरिया आणि कुपोषण यांनी जेथे माणसे मुकाट्याने मरत होती, तेथे दवाखान्यासोबत शाळा उभी राहिली, हे त्या कार्याचे मर्म आहे. औषधाने रोगी बरा होतो. शिक्षणाने पुढच्या रोग्यांची संख्या कमी होते.

आता भिलाईकडे पाहू. १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटली आणि भाताच्या शेतांमधून आखीव सेक्टरांचे शहर उभे राहिले. महाराष्ट्रातून, बंगालमधून, आंध्रातून, केरळातून माणसे आली. मरोदा जलाशयाचे पाणी शुद्ध होऊन नळाने टाउनशिपच्या घरात येई. आजारी पडल्यास सेक्टर नऊचे रुग्णालय होते. जुन्या शहरांनी जे शतकभर साथी सोसून मिळवले, ते या शहराला आराखड्यातच मिळाले. परंतु आराखड्याच्या कडेला वस्त्या वाढल्या. तेथे नळ उशिरा पोहोचला आणि काही ठिकाणी तो गटाराच्या शेजारून गेला. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन मुलांच्या घरचे पाणी सारखे असेलच, असे नाही.

आराखडाही सर्व काळ पुरत नाही, हे २०१८ च्या पावसाळ्याने दाखवून दिले. त्या वर्षी भिलाईत डेंग्यूची साथ आली. माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. छत्तीसगढच्या उन्हाळ्यात ज्याच्यावाचून निभाव लागत नाही, त्या कूलरच्या टाकीत. गच्चीवरील उघड्या पिंपात, फुटक्या कुंडीत, टाकून दिलेल्या टायरमध्ये. त्या दिवसांत प्रत्येक गल्लीत दोषी कोण, याची चर्चा चालू होती. पालिका दोषी, शेजारी दोषी, पलीकडची वस्ती दोषी. ज्यांचे ते कर्तव्य होते, त्यांना जाब विचारणे रास्तच आहे. पण ही चर्चा चालू असताना कूलरची टाकी भरलेलीच होती. मरीआईचा गाडा शिवेबाहेर ढकलण्याचाच हा आधुनिक प्रकार म्हटला पाहिजे.

याच राज्याने देशाला एक उत्तरही दिले आहे. २००२ साली येथे मितानिन कार्यक्रम सुरू झाला. ‘मितान’ म्हणजे छत्तीसगढी परंपरेत विधिपूर्वक जोडलेला जिवाभावाचा मित्र. पारा-टोल्यातील स्त्रीलाच प्रशिक्षण देऊन आरोग्याची मैत्रीण करणारी ही कल्पना. देशभरातील आशा कार्यकर्तीची योजना त्यानंतर आली. मीठ-साखर-पाणी द्या, पाणी उकळा, ताप अंगावर काढू नका, हे ती दारोदार सांगते. तिकडे नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ साली सार्वजनिक मोहिमेतून मुलांना विषमज्वराची नवी संयुग्म लस दिली. एक लाखाहून अधिक मुलांचे लसीकरण झाले. शासकीय पातळीवरील तशी ती जगातील पहिली मोहीम ठरली. मितानिनीवर आणि या मोहिमेवर गाजलेला चित्रपट निघालेला नाही. निघाला तर तो पाहण्याची अभिरुची आजच्या विद्यार्थ्यांत निर्माण व्हावी, ही शाळेची जबाबदारी आहे.

चित्रपट पाहू नका, असे या विवेचनाचे तात्पर्य मुळीच नाही. चित्रपटाने चापेकरांचा संताप, कोटणीसांची निष्ठा आणि डॉ. गुप्त यांचा एकाकी विवेक पिढ्यांपर्यंत पोहोचवला. पाठ्यपुस्तकाला ते क्वचितच साधते. परंतु साथीचा कोणताही चित्रपट पाहताना मुलांनी तीन प्रश्न सोबत ठेवावेत. रोग कोणत्या वाटेने आला, हे कथेने दाखवले का? ती वाट बंद करण्याचे काम कोणी केले आणि त्याला पडद्यावर किती जागा मिळाली? आणि ज्याच्यावर दोष ठेवला, तो रोगाचे कारण होता की रोगाचा बळी होता? हे तीन प्रश्न विचारण्याची सवय चित्रपटगृहात लागली की ती बातमी वाचताना, अफवा ऐकताना आणि शेजारच्या आजारी घराकडे पाहतानाही टिकते. करोनाच्या काळात इस्पितळातून बरे होऊन आलेल्या शेजाऱ्याला पाहून ज्या दारांच्या कड्या आतून लागल्या, त्या दारांमागे या प्रश्नांची फार गरज होती.

विज्ञानाच्या तासाला जंतूंची नावे पाठ होतात, मराठीच्या तासाला व्यक्तिचित्रे वाचली जातात आणि इतिहासाच्या तासाला चापेकरांचा धडा येतो. हे तीन तास एकमेकांना भेटावेत, यासाठी आठवी-नववीच्या मुलांना एक सोपा प्रकल्प देता येईल: आपल्या घरी येणारे पिण्याचे पाणी कोठून निघते, कोठे शुद्ध होते, कोणाकोणाच्या हातांतून येते आणि घरातील टाकी शेवटची कधी धुतली गेली, याची नोंद वहीत करावी. सेक्टरातील मुलाने आणि वस्तीतील मुलाने आपापल्या वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात. ज्या वहीत ‘नळ गटाराजवळून जातो’ असे लिहिलेले असेल, ती वही घेऊन दोघांनी मिळून शिक्षकांसह संबंधित कार्यालयात जावे.